तोरणाखालचं तोंड

मोहटोल्यात बाकी वर्षभर तोंड हे पेज प्यायला असतं. बोलायचं काम गुणवंतरावांचं, मुंडी हलवायचं काम गावाचं. मालगुजारी खालसा झाली, नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, कागदावर सगळे सारखे झाले. पण गावाच्या पाठीला पडलेला बाक सरकारी हुकमानं सरळ होत नसतो. लोकांनी 'मालगुजार' म्हणायचं सोडलं आणि 'अध्यक्षसाहेब' म्हणायला लागले. माणूस तोच, ओसरी तीच, ओसरीखाली चपला काढणारेही तेच.

पोळ्याचा दिवस मात्र वेगळा. त्या दिवशी गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानात, आखरावर, दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सजवलेले बैल त्याखाली रांगेनं उभे राहतात, आणि एक माणूस पुढं होऊन झडत्या म्हणतो. झडती म्हणजे चार ओळींची चपराक. ती कोणालाही बसते. पाटलाला, पटवाऱ्याला, सावकाराला, देवळातल्या बुवाला. एकदा झडतीला सुरुवात झाली की ती मिटेपर्यंत तोरण तोडायचं नाही. ज्यानं उघडली त्यानंच शेवटी 'हर बोला' अशी आरोळी द्यायची, आणि गावानं 'हर हर महादेव' म्हणून ती मिटवायची. तोवर बैल जागचा हलत नाही. बैल घरी जाऊन पुरणपोळी खात नाही तोवर माणसाच्या पोटातही काही जात नाही. ज्याला झडती बसली त्यानं डोक्यावरचं काढून ती उभ्यानं ऐकायची, आणि तोरणाखालच्या शब्दाचा राग धरायचा नाही. गुणवंतरावांच्या आज्याला एका पोळ्याला कोणी 'कोठीतली घूस' म्हटलं होतं. म्हाताऱ्यानं दात खाल्ले, पण आरोळी झाल्यावर झडतीवाल्याला नारळ दिला. इंग्रजाच्या अमलातली गोष्ट आहे ही. स्वराज्यातली पुढं येते.

झडतीचा मान डोमा ढिवराच्या घरात होता. तलावात जाळं टाकावं, तलावाखालच्या बांधीत धान रोवावं, आणि उरलेल्या वेळात बोलावं, हा डोमाचा धंदा. त्याची बायको गिरजा म्हणायची, "याची जीभ कापून तलावात टाकली त थेच संध्याकाळी मासोळी घेऊन घरी येईन."

त्या वर्षी झडतीचा विषय शोधावा लागला नाही. तो गावाच्या मधोमध पडून होता.

उन्हाळ्यात श्रमदानाचा हुकूम आला होता. वडशाच्या सडकेपासून गावातून ढिवरपुऱ्यापर्यंत मुरमाची सडक करायची. बाप्यांनी मुरूम खणला, बायांनी टोपल्या वाहिल्या, गुणवंतरावांनी पहिली कुदळ मारून फोटो काढून घेतला. सडक गावात शिरली आणि शिरल्या शिरल्या वळली. खुंट्या उपटून दुसरीकडं रोवल्या गेल्या. दोरी धरणारे होते, बघणारे होते, "राव, इकडं काऊन?" असं विचारणारा एकही माईचा लाल नव्हता. सडक गुणवंतरावांच्या माडीपुढं, त्यांच्या धानाच्या गिरणीच्या दारात जाऊन थांबली. पुढं ढिवरपुऱ्यापर्यंत चिखल होता तसाच राहिला.

आषाढात डोमाच्या धाकट्या भावाची बायको सोमारी अडली. तिला वडशाच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, ती पुऱ्याबाहेरच आसापर्यंत रुतली. बैल बसले. माणसं चाकाला खांदे लावत राहिली आणि सोमारी गाडीतच, भर पावसात, बाळंत झाली. समोर हाकेच्या अंतरावर पक्की ठणठणीत सडक. पोरगं जगलं, सोमारी मरता मरता वाचली. लोकांनी पोराचं नाव सडक्या पाडलं.

यावर डोमानं झडती रचली. रचली म्हणजे काय, एका दुपारी जाळं दुरुस्त करता करता ती त्याच्या तोंडातून निसटली आणि दुसऱ्या दिवशी घाटावर धुणं धुणाऱ्या बायांच्या तोंडात होती. तिसऱ्या दिवशी ती माडीवर पोचली. आणि डोमाला बोलावणं आलं.

ओसरीच्या भिंतीवर ओळीनं थोरामोठ्यांच्या तसबिरी होत्या. तुकोबा, जोतिबा, लोकमान्य. सगळ्यांना हार. मध्ये गुणवंतरावांची स्वतःची, बेचाळीसच्या जेलातून सुटून आले तेव्हाची. तिला सगळ्यांत ताजा हार.

"बस डोमा," गुणवंतराव म्हणाले. "ऐकतो मी, यंदा मोठी जोरदार झडती केली म्हणे."

"लहानशीच आहे, राव."

"म्हणून दाखव."

"पोळ्याले ऐकजा ना. आज दाखवली त शिळी होईन."

गुणवंतराव हसले. हसणं संपल्यावरही त्यांचे दात थोडा वेळ बाहेर राहिले. "हे पाय, पोळ्याले ब्लॉकचे साहेब येऊन राह्यले. तोरण तुटलं की सडकेची फीत कापतीन. भल्या माणसापुढं गावाची इज्जत काढतं का?"

"गावाची नाई काढत. तुमचीच काढतो."

कोपऱ्यात बसलेला कोतवाल देवाजी खोकला. खोकला म्हणजे हसू गिळलं.

"झडतीले ना नाई माझी," गुणवंतराव म्हणाले. "पण आधी मले ऐकवायची. मी म्हणन ती म्हणायची. मास्तरानं एक चांगली लिहून देली आहे. ऐक. 'योजना आली, प्रगती झाली, उजळली गावाची पहाट, गुणवंतरावांच्या कष्टाने झाली डांबराची वाट.'"

डोमानं डोकं खाजवलं. "डांबर कुठी आहे, राव? मुरूम आहे थो."

"कवितेत चालते."

"कवितेत चालते, पण गाडी नाई ना चालत."

गुणवंतरावांचा आवाज चढला. "मले बोलायचं शिकवतं का तू? बेचाळीसात या तोंडानं भाषण केलं म्हणून मी जेल भोगली! इंग्रज म्हणे, आधी भाषण लिहून दाखव. मी म्हटलं, हट!"

"मंग मीबी तेच म्हणून राह्यलो, राव," डोमा म्हणाला. "हट तेवढं नाई म्हणत. तुमी मोठे आहा."

यावर सगळ्या सत्तावाल्यांना सुचतं तेच गुणवंतरावांना सुचलं. "जमादार येणार आहे पोळ्याले. तोंडातून वावगा शब्द निघाला त शांतता भंगाखाली थेट ठाण्यात. अन् झडतीचा मान उद्यापासून दुसऱ्याच्या घरी. तुझ्या पोराच्या पोरालेबी नाई भेटणार. जाय."

डोमा निघाला तो सरळ बापूजी शिंप्याच्या दुकानात. बापूजी मशीनवर बसून सदरे शिवायचा आणि चांद्याहून आणलेली पुस्तकं वाचायचा. सदऱ्यांच्या बाह्या म्हणून कधी सारख्या यायच्या नाहीत. डोमानं सगळं सांगितलं. बापूजीनं पायाखालची फळी थांबवली.

"तसबिरी पाह्यल्या ना भिंतीवर?"

"पाह्यल्या."

"मंग आता ऐक. थो तुकोबा, त्याच्या अभंगाच्या वह्या नदीत बुडवाले लावल्या. कोनं? गावातल्याच शहाण्यायनं. थो जोतिबा, त्याच्या बापानंच घराबाहेर काढलं त्याले, अन् मारेकरी आले ते वेगळे. सावित्रीबाई शाळेत जाये त अंगावर शेण फेके. आगरकराची त जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यात. थो बिचारा घरात बसला आहे, अन् भाईर त्याची तिरडी जाऊन राह्यली. मागल्या साली बाबासाहेब चांद्याले आले तई आपल्या गावात कितीकायनं नाकं मुरडली, आठवते? आता गेले, त म्हणते थोर माणूस. आपल्या देशात सुधारकाले हार घालायची एकच अट आहे, बावा. त्यानं आधी मरायले पाह्यजे."

"मले हार नाई पाह्यजे, बापूजी. मले ठाण्यात नाई जायचं एवढंच. बोलायचा हक्क देला आहे म्हणते ना आता?"

"देला ना! घटनेत लिवला आहे. पण खाली पुछडी जोडली. बोला, पण शांततेनं बोला, सभ्य बोला, सरकारले झोंबन असं नोका बोलू. आता कोणतं खरं बोलणं कोणाले झोंबत नाई, सांग? हक्क वाघाचा अन् पुछडी उंदराची नाई राह्यली. पुछडीच वाघाची अन् हक्क उंदराचा झाला. जमादार पुछडी धरून हक्काले उलटा टांगते."

"अन् तोरण?"

"तोरणाले पुछडी नाई," बापूजी म्हणाला. "आपल्या अंगठेबहाद्दर बुढ्यायनं एवढी एक शहाणी गोष्ट करून ठेवली. बोलून झाल्यावर काय भांडायचं थे भांडा. पण बोलण्याच्या मधात येऊ नका."

डोमा घरी आला आणि आल्या आल्या त्यानं दाराला आतून कडी घातली. शूर माणसांच्या गोष्टीत ती कधी सांगत नाहीत. गिरजानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मास्तराची म्हणशीन त मी लोकायले तोंड कसं दाखवू? अन् तुझी म्हणशीन त जमादारानं नेल्यावर जाळं कोन टाकन?"

"मंग काय करू?"

"मले काय विचारतं? आजपर्यंत बोलतानी विचारलं का कधी?"

पोळ्याच्या दिवशी झिमझिम होती. आखर माणसांनी भरला. बैलांची शिंगं हिंगुळानं रंगलेली, पाठीवर झुली. रावांच्या जोडीच्या कपाळाला चांदीची मखरं. त्या जोडीनं तोरण तोडायचं, मग बाकीच्यांनी. ब्लॉकचे साहेब खुर्चीवर, त्यांच्या डोक्यावर छत्री धरून देवाजी, देवाजीच्या डोक्यावर पाऊस. खांबाला टेकून ठाण्याचा जमादार, हातात काठी. बाया लांब, चिंचेखाली, डोक्यावर पदर घेऊन.

डोमा पुढं झाला. गुणवंतरावांनी मास्तराकडं बघितलं, मास्तरानं डोमाकडं, डोमानं तोरणाकडं. आणि त्यानं आवाज लावला.

"सडक निघाली, सडक निघाली, वडसा सोडून आली,
रावाची माडी पाहून बाई दारात गाभण झाली!"

आखर फुटला. म्हातारे गुडघे बडवून हसले. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. आणि गुणवंतराव ओरडले, "जमादार!"

जमादारानं काठी आडवी घालून डोमाच्या छातीला लावली. "बस. एक शब्द नाही."

डोमा दोन ओळींवरच थांबला. हसणंही थांबलं.

गुणवंतरावांनी धोतर सावरलं. "झालं! तोडा तोरण. घ्या जोडी पुढं."

रावांच्या बैलांचा कासरा त्यांच्या गड्याच्या, वारलूच्या हातात होता. वारलू हलला नाही.

"काऊन रे?"

"झडती मिटली नाई, राव," वारलू म्हणाला. त्याच्या आवाजात बंड नव्हतं. उघड्या दाराकडं बोट दाखवून दार उघडं आहे म्हणावं, तसा तो म्हणाला. "गाभण करून सोडली. पुरी नाई झाली."

तेव्हा कुठं गुणवंतरावांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. झडती सुरू होण्याआधी डोमाला हाकललं असतं तर निभलं असतं. मधात अडवून त्यांनी ती उघडी ठेवली होती. आणि उघड्या झडतीखालून मोहटोल्यात कोणाच्या बापाचा बैल गेला नव्हता.

"मी मिटवतो," असं म्हणून ते स्वतः तोरणाखाली आले. बेचाळीसात सभा गाजवलेला आवाज लावून ओरडले, "हर बोला!"

कोणी काही बोललं नाही.

"हर बोला!"

एका बैलानं शेण टाकलं.

आरोळी देणारा कितीही मोठा असो, ती झेलायला गाव लागतं. ते गाव समोर उभं होतं, सगळ्यांना तोंडं होती, आणि वर्षभर मिटलेली ती तोंडं आज पहिल्यांदा रावांच्या विरोधात मिटली होती.

"का हो, थांबलं का सगळं?" साहेबांनी विचारलं. "नाल्याला पाणी चढलं की माझी जीप पलीकडे जाणार नाही."

"दोन मिनिटं, साहेब, दोन मिनिटं."

दोन मिनिटांचा तास झाला. झुली भिजल्या, शिंगांचा हिंगुळ ओघळून बैल रडल्यासारखे दिसायला लागले. घरोघरी पुरण थंड होत होतं. जमादारानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याची काठी हळूहळू खाली आली. शेवटी रावांची आई अन्नपूर्णाबाई, अंगावर घोंगडी घेऊन, काठी टेकत आखरावर आली. उपासानं तिचं डोकं फिरलं होतं.

"काऊन रे गुणवंता, बैल कुठी आहेत?"

"बाई, तू घरी जाय."

"उपाशी मारतं का मले? तुझ्या आज्याले घूस म्हटलं होतं. मेला का थो घूस म्हटल्यानं? अजीर्णानं मेला! बोलू दे त्याले."

लोक पुन्हा हसले, आणि या वेळी साहेबांनी रुमाल लावला नाही.

गुणवंतरावांनी घाम पुसला की पाऊस, ते त्यांनाच माहीत. मग साहेबांकडं बघत, मोठ्या मनाचा चेहरा करून म्हणाले, "ठीक आहे. डोमा, बोल. माझी परवानगी आहे तुले."

झालं असतं इथं. डोमाची अर्धी झडती ओठावर होती, ठाण्याची भीती ओसरली होती, पोटात कावळे ओरडत होते. पण त्या एका शब्दानं त्याच्या डोक्यात काहीतरी सणकलं.

"परवानगी कायची, राव?"

"बोलायची."

"मंग नाई बोलत."

"आता काय झालं लेका तुले!"

"तुमी आज परवानगी देली त उद्या काढून घ्याल. माझं पोरगं मंग तुमच्या पोराले मांगत फिरन. हे तोरण तुमच्या बापाचं आहे का? तुमच्या आज्यानं परवानगी नव्हती देली. ऐकलं होतं त्यानं, उभं राहून. तुमाले परवानगी द्यायले कोणी सांगतलं नाई. तुमाले फक्त ऐकायचं आहे. ऐकता का?"

जमादारानं काठी उचलायला घेतली. अन्नपूर्णाबाईनं आपल्या काठीनं ती खाली दाबली.

गुणवंतरावांना जेलात जाणं सोपं गेलं होतं. तिथं जाताना लोक जयजयकार करत होते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि कोणाकडंही न बघता म्हणाले, "ऐकतो."

डोमानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. सडक निघाली, वडसा सोडून आली, दारात गाभण झाली. आणि पुढं,

"गाभण झाली, बसून गेली, उठता उठत नाई,
ढिवरपुऱ्याच्या चिखलाची तिले आठवण येत नाई!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" गावानं असा आवाज दिला की चिंचेवरचे बगळे उडाले.

वारलूनं कासरा आवळला. डोमा छाती काढून उभा होता. आपण आज जोतिबाच्या पंगतीला बसलो असं त्याला वाटून गेलं असेल तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेवढ्यात चिंचेखालून आवाज आला.

"थांबा. माझी आहे एक."

सोमारी. कडेवर सडक्या. ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून डोमापुढं कधी बोलली नव्हती. डोमा तिचा भासरा. भासऱ्यापुढं आवाज काढायचा नाही, सावलीही पडू द्यायची नाही, अशी रीत. बाप्यांत गडबड उडाली. "बाया झडती नाई म्हणत!" "घरी जाय वो!" सोमारी चालत तोरणाखाली आली आणि तिनं आवाज लावला.

"दोरी धरून उभे होते भासरे आमचे शहाणे,
सडक वळली माडीकडं, तोंडात होते फुटाणे!
गाडीत मी कण्हत होती, भासरे सांगे ग्यान,
झडतीत झाले वाघ आता, तई पाडले होते कान!"

सगळ्यांना आठवलं. उन्हाळ्यात खुंट्या उपटल्या तेव्हा दोरीचं एक टोक डोमाच्या हातात होतं, आणि रावांनी वाटलेले फुटाणे त्याच्या तोंडात. सगळ्यांनीच खाल्ले होते. पण झडती एकट्यानं म्हटली होती.

डोमाचे कान तापले. घराची बाई, तीही भावजय, तीही भर सभेत, साहेबांपुढं. गिरजा पदराच्या आड हसत होती की रडत होती, दिसत नव्हतं.

गुणवंतराव हळूच त्याच्या कानाशी आले. त्यांचा आवाज गुळासारखा झाला होता. "डोमा, थांबवू का तिले? जमादार आहे अजून. तू मुंडी हलव फक्त."

डोमानं त्यांच्याकडं बघितलं. जमादाराकडं बघितलं. मुंडी हलवायची सवय मोठी असते. ती मानेतून निघालीसुद्धा होती. ती त्यानं तिथंच आवळून धरली. मग डोक्याचा पटका सोडला, चुरगळून काखेत मारला आणि वहिवाटीप्रमाणं सोमारीपुढं उभा राहिला.

"एक नमन गौरा पार्वती," सोमारी म्हणाली. "हर बोला..."

बाप्ये एकमेकांची तोंडं बघत राहिले. बाईच्या जातीची आरोळी झेलायची कशी? पहिला आवाज डोमाचा आला. घोगरा, फाटका, एकट्याचा. मग वारलूचा. मग चिंचेखालून बायांचा, आणि तो आल्यावर बाप्यांना गप्प राहणं जड गेलं.

देवाजीनं साहेबांवरची छत्री मिटवली. "चला साहेब, झालं आता. तोडा रे तोरण."

"थांबा," सोमारी म्हणाली. तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "अजून आहेत माझ्यापाशी."

साहेबांनी नाल्याच्या दिशेनं एकदा बघितलं आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. अन्नपूर्णाबाईनं कपाळ बडवलं. 'म्हण,' हा शब्द डोमाच्या जिभेवर आला होता. तीही परवानगीच झाली असती म्हणून तो त्यानं तसाच गिळला, आणि चिखलात फतकल मारून ऐकायला बसला.